मोटारीच्या स्मृतीतील बिघाड

मोटारीचा वेग आपोआप कायम राखणाऱ्या क्रूझ कंट्रोलचा जनक अंध होता. अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या रॅल्फ टीटर (१८९०-१९८२) या इंजिनिअरची दृष्टी बालपणीच्या अपघाताने गेली होती. शेजारी बसून प्रवास करताना चालकाचा वेग सारखा कमीजास्त होतो, हे त्याला बसणाऱ्या हिसक्यांवरून जाणवे. सांगतात ते असे, की त्याचे वकील गाडी चालवताना बोलू लागले की गाडी मंदावे आणि ऐकू लागले की वेग घेई! टीटरने यावर जुनाच उपाय योजला. जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनासाठी वापरलेला, फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर. १९५० साली त्याला पेटंट मिळाले आणि १९५८ च्या क्रायस्लर मोटारींत हे साधन आले.

या साधनाला स्मृती नव्हती. बिघाड झाला तर मेकॅनिकने डोळ्यांनी पाहून, हात लावून तो शोधायचा.

पुढे धुराचे नियम कडक झाले, तसा इंजिनाच्या नियंत्रणात संगणक शिरला. १९८०च्या दशकातील जनरल मोटर्सच्या गाड्यांत एखाद्या संवेदकाचे माप अशक्य वाटले की संगणक एक आकडा साठवून ठेवी. तो वाचायचा कसा? तपासणीच्या जोडणीतील दोन टोके तारेने जोडायची आणि ‘चेक इंजिन’चा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचे. एकदा, मग जरा थांबून दोनदा, म्हणजे १२. पुसणे तर त्याहून सोपे. फ्यूज काढा किंवा बॅटरी सोडवा, की स्मृती कोरी.

पण आकडा पुसणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. क्रूझ कंट्रोलचेच पाहा. ब्रेकचे पेडल दाबताच ते सुटलेच पाहिजे. सारी सुरक्षितता त्यावर आहे. म्हणून अनेक गाड्यांत पेडलजवळच्या स्विचला दोन संपर्क असतात. एक जुळलेला असेल तेव्हा दुसरा तुटलेला हवा. दोघांची साक्ष जुळली नाही, तर संगणक आकडा नोंदवतो (या स्विचच्या मंडलासाठी पी०५७१ हा प्रमाणित आकडा आहे) आणि क्रूझ कंट्रोल चालू करण्यास नकार देतो. स्विच कायमचा बिघडला असेल, तर पुसलेला आकडा लवकरच पुन्हा उमटतो. अधूनमधून बिघडणारा स्विच अधिक धोक्याचा. काही दिवस सारे ठीक भासते, आणि बिघाडाचा एकमेव पुरावा आपणच नाहीसा केलेला असतो.

१९९६ पासून अमेरिकेतील नव्या मोटारींना सोळा टोकांची एकसारखी जोडणी सक्तीची झाली आणि एका बटणासरशी आकडे पुसता येऊ लागले. धुराच्या तपासणीच्या आदल्या दिवशी ते पुसणारे महाभाग निघणारच! त्याची तजवीज आधीच केलेली होती. आकड्यांबरोबर संगणकाच्या स्वपरीक्षांचे निकालही पुसले जातात, आणि गाडी पुरेशी चालवल्याखेरीज त्या परीक्षा पूर्ण होत नाहीत. २०१० च्या मॉडेलांपासून ‘कायम’ आकडे टप्प्याटप्प्याने आले. ते कोणत्याही उपकरणाने किंवा बॅटरी सोडवून जात नाहीत. बिघाड गेल्याची खात्री पटली, की संगणक स्वतःच ते काढतो.

हा नियम मात्र धुराशी संबंधित बिघाडांपुरताच आहे. क्रूझ कंट्रोलचे बहुतेक आकडे त्यात मोडत नाहीत. ते आजही बटण दाबून पुसता येतात, ब्रेकचा स्विच न बदलतासुद्धा.