जिंकणाऱ्याचं वाक्य

29 फेब्रुवारी 1996, गुरुवार. पीएमटीच्या बसमधून स्वारगेटला उतरून तुम्ही नेहरू स्टेडियमकडे निघालाय. विल्स विश्वचषकाचा सामना आहे, वेस्ट इंडीज विरुद्ध केनिया. रांगेत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच नाव, लारा. कसोटीत 375 आणि प्रथम श्रेणीत नाबाद 501 करणारा माणूस आपल्या पुण्यात खेळणार, मग ऑफिसला दांडी मारायची नाही तर काय!

गेले काही दिवस टीव्हीवर षटक संपलं की जाहिरात, हेच चाललंय. स्पर्धेचं अधिकृत पेय कोका-कोला. पण सचिनला घेऊन पेप्सी म्हणते, 'नथिंग ऑफिशियल अबाउट इट', आणि गल्लीतली पोरंही तेच ओरडत रबरी चेंडू टोलवतात. सचिनच्या बॅटवर मात्र अजून एकही स्टिकर नाही. ती कोरी बॅट नीट बघून घ्या. लवकरच तिच्यावर एमआरएफची अक्षरं येणार आहेत.

जाहिरातीचा हा व्यवहार कसा चालतो ते बघायला आणखी नऊ वर्षं मागे चला. 25 जानेवारी 1987, कॅलिफोर्नियातलं पॅसडीना. अमेरिकन फुटबॉलचा सुपर बोल न्यूयॉर्क जायंट्सनी जिंकलाय. त्यांच्या घामाघूम फिल सिम्सपुढे कॅमेरा येतो. आता पुढे काय, या प्रश्नावर तो म्हणतो, 'आय ॲम गोइंग टू डिस्ने वर्ल्ड!' आनंद खरा आहे, पण वाक्याचे पैसे आधीच ठरलेत. हरलेल्या संघाच्या जॉन एल्वेशीही तसंच बोलणं झालेलं होतं. कोणीही जिंको, वाक्य तयार.

आता पुण्यात परत या. केनिया 166 धावांत बाद. त्यातल्या सर्वांत जास्त, 37, अवांतर! शेजारचे काका डबा उघडत म्हणतात, "अहो, चहाच्या वेळेला घरी पोचतो की नाही बघा."

पण केनियाचा रजब अली वेस्ट इंडीजच्या रिचर्डसनचा त्रिफळा उडवतो. लारा येतो, आठ धावा करतो आणि रजब अलीच्याच चेंडूला बॅटची कड लागते. यष्टिरक्षक तारिक इक्बाल झेल घेतो. काकांच्या हातातली पोळी हातातच राहते. मग कर्णधार मॉरिस ओडुंबेची ऑफस्पिन, 15 धावांत तीन बळी. ज्यांचे चेहरे तुम्ही एकाही जाहिरातीत पाहिले नाहीत, ती मंडळी वेस्ट इंडीजला 93 धावांत गुंडाळतात. केनिया 73 धावांनी विजयी! लोक बाकांवर चढून ओरडतायत. एसेलवर्ल्डच्या जाहिरातीतल्या पोरासारखा, घरी जायचंच नाही, असा हट्ट आज मोठ्यांनी धरलाय.

जाहिरातदार ओळखीचं नाव विकत घेतात, त्या नावाला शोभेल असं वाक्यही लिहून ठेवतात. त्यात गैर काही नाही. त्या पैशावर खेळ उभा राहतो. पुढे पुण्याजवळचं गहुंज्याचं स्टेडियमही काही काळ सहाराच्या नावाने ओळखलं जाईल. पण खेळाची खरी श्रीमंती आजच्या दुपारी आहे. कोणाला स्वप्नातही न दिसलेला निकाल इथे लागतो आणि त्या आनंदावर कुणाचीच मालकी नसते. म्हणून यापुढे कधीही मैदानावर गेलात, तर लारासाठी जरूर जा. पण ज्याचं नाव तुम्हाला धड उच्चारता येत नाही, तो धावत येऊन चेंडू टाकेल तेव्हाही तितकंच सावरून बसा.