गवळणीतला पेंद्या

स्मरणिकेसाठी लेख मागताना "आठवणींचे उमाळे नकोत, काहीतरी माहितीपूर्ण लिहा" अशी ताकीद संपादक मंडळाने दिली आहे. मी माहितीपूर्णच लिहिणार आहे. पण विषय आपल्या नववीच्या स्नेहसंमेलनातून सुरू होतो, त्याला माझा नाइलाज आहे.

त्या वर्षी आपण गवळण बसवली होती. जयगडच्या मुलांना गवळण शिकवावी लागत नाही. शिमग्यात पालखी आली की मृदंगावर थाप पडते, गण होतो, गवळणी मथुरेच्या बाजाराला निघतात, मावशी ठसक्यात उत्तरं देते आणि कृष्णाच्या मागून लंगडत, बोबडं बोलत पेंद्या येतो. संकासुराला लहान मुलं घाबरतात, पेंद्याला हसतात. आपल्या गवळणीत पेंद्या व्हायला एकही मुलगा तयार नव्हता. मी हात वर केला.

लंगडायचं कसं, हे मला शोधावं लागलं नाही. आपल्या वर्गात एक जण होता, लहानपणी पोलिओ झालेला. रोज बंदरावरून चढण चढून शाळेत यायचा. त्याची चाल मी आठवडाभर पाहिली आणि जशीच्या तशी उचलली. मांडव हसून हसून लोळला. मला बक्षीस म्हणून कंपासपेटी मिळाली. तो त्या रात्री पडदा ओढायला होता. दुसऱ्या दिवशी घरी जाताना एवढंच म्हणाला, "चुकलीस तू. चढावर मी फार नाय लंगडत. उतारावर लंगडतो."

पुढे शिक्षण झालं, नोकरी लागली, पुण्यात स्थायिक झाले. हे वाक्य मात्र डोक्यातून गेलं नाही. म्हणून गेली काही वर्षं, कोडिंगमधून सवड मिळेल तशी, मराठी रंगभूमीवर अपंग माणूस कसकसा आला ते वाचत गेले.

पेंद्या मूळचा विनोदासाठी नाही. संतांच्या कवितेत तो कृष्णाचा लाडका सवंगडी आहे. काल्याच्या पंगतीत वाकडे, बोबडे, पांगळे सगळे एकत्र बसतात आणि कृष्ण एकमेकांच्या शिदोऱ्या एकात कालवतो. काला म्हणजे तेच. पेंद्याचं अपंगपण तिथे लपवलेलं नाही आणि त्याला बाजूलाही बसवलेलं नाही. तमाशाच्या आणि नमनाच्या गवळणीत येईपर्यंत सवंगडी गळला आणि लंगडणं तेवढं उरलं. हे कधी झालं याची तारीख सांगता येणार नाही, पण आपण पाहिला तो हा उरलेला पेंद्या.

सोळाव्या शतकात एकनाथ महाराजांनी आंधळा, बहिरा, मुका, पांगळा अशी भारुडंच लिहिली. सोंग अपंगाचं असतं, पण टोला धडधाकट ऐकणाऱ्याला असतो. कान असून चांगलं ऐकत नाही तो बहिरा, असा त्यातला रोख. युक्ती मोठी आहे. तरी माझ्या मनात एक शंका राहते. त्या गर्दीत खरोखरचा बहिरा बसला असेल तर त्याने काय करायचं? तो तर उपमेपुरताच उरला! मराठी नाटकाने ही सवय पुढेही सोडली नाही. १९३३ साली नाट्यमन्वंतरने 'आंधळ्यांची शाळा' आणलं. आधुनिक मराठी नाटकाची सुरुवात म्हणून त्याचं नाव घेतात. ते ब्यर्नसन या नॉर्वेच्या नाटककारावरून बेतलेलं, आणि त्यात आंधळं कोणी नाही. आंधळा आहे तो समाज. मुंबईत मात्र खरी आंधळ्यांची शाळा तेव्हा तेहतीस वर्षांची झाली होती. मिस मिलार्ड या अमेरिकन मिशनरी बाईंनी ती १९०० साली काढली. तीच आजची दादरची कमला मेहता अंधशाळा.

बालनाट्याबद्दल थोडक्यात लिहिते. सुधा करमरकरांचं लिटल थिएटर १९५९चं, रत्नाकर मतकरींचं बालनाट्य १९६२चं. या मंडळींचे उपकार मोठे आहेत, पण जगभरच्या परीकथांप्रमाणे तिथेही चेटकीण म्हटली की कुबड आणि वाकडं नाक. आपल्या रामायणातल्या मंथरेच्या पाठीला आपण उशी बांधायचो, तेच. वाकडं शरीर म्हणजे वाकडं मन, हा धडा कुठल्याही पुस्तकात न छापता आपल्याला पाठ झाला.

मोठ्यांच्या नाटकात बदल आला. जयवंत दळवींनी 'नातीगोती'त मतिमंद मुलाच्या आईबापांची होणारी ओढाताण मांडली आणि प्रेक्षक हसायचा थांबला. मुलांसाठी बदल १९८६ साली ग्रिप्सने आणला. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची पद्धत पुण्यात आली आणि 'छान छोटे वाईट्ट मोठे' झालं. राजा नाही, राक्षस नाही. मोठी माणसं मुलांच्या भूमिका करतात, आणि प्रश्न मुलांच्या रोजच्या जगण्यातले. याच ग्रिप्ससाठी रॉय किफ्टने लिहिलेलं 'स्ट्राँगर दॅन सुपरमॅन' हे नाटक व्हीलचेअरवरच्या एका मुलाभोवती फिरतं. त्यात हसायचं असतं ते त्याच्याशी कसं बोलावं हे न कळणाऱ्या मोठ्या माणसांना. हसण्याची दिशा बदलली की मुलांना वेगळं प्रवचन द्यावं लागत नाही.

तरीही व्हीलचेअरवर नट धडधाकटच असू शकतो. पुढचं पाऊल स्वागत थोरात यांनी टाकलं. स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, १९९७ साली, त्यांनी पुण्यातल्या अंधशाळांमधले ८८ विद्यार्थी घेऊन 'स्वातंत्र्याची यशोगाथा' उभं केलं. याच थोरातांनी २००८ साली 'स्पर्शज्ञान' हे ब्रेलमधलं मराठी पाक्षिक सुरू केलं.

त्यांचं 'अपूर्व मेघदूत' मी पाहिलं ते ऑफिसमधल्या एका सहकाऱ्यामुळे. त्याला दिसत नाही, तो स्क्रीन रीडरवर काम करतो. मी मोठ्या हौसेने केलेलं एक पान त्याच्या कॉम्प्युटरने "बटन, बटन, बटन, बटन" असं वाचून दाखवलं होतं, कारण एकाही बटनाला मी नाव दिलं नव्हतं. नाटकाला त्यानेच नेलं. रंगमंचावर १९ कलाकार, सगळे दृष्टिहीन. पहिली पाच मिनिटं मी श्वास रोखून बसले होते, आता कोणीतरी कोणावर आपटणार म्हणून. नंतर यक्षाचा विरहच पाहू लागले. मध्यंतरात सहकारी म्हणाला, "पाच मिनिटं? बऱ्याच जणांना अर्धा तास लागतो."

आपण दहावीला बसलो त्या १९९५ सालीच अपंग व्यक्तींसाठीचा पहिला स्वतंत्र कायदा संसदेने केला. त्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६च्या कायद्यात एकवीस झाले. शब्दही अपंगवरून दिव्यांगवर आला. शाळांमध्ये ३ डिसेंबरला दिव्यांग दिन होतो. बहुतेक ठिकाणी भाषण आणि फळवाटप. बाई आणि सर रागावणार नसतील तर सांगते, मला ते पटत नाही. रत्नागिरीत मूकबधिर मुलांची शाळा आहे, मंडणगड तालुक्यात घराडीला स्नेहज्योती हे अंध मुलांचं निवासी विद्यालय आहे. केळी वाटण्यापेक्षा त्या मुलांबरोबर आपल्या शाळेच्या मुलांनी एक गवळण बसवावी. महिनाभर तालीम करताना कोण कुठे अडतं आणि कोण कुठे उगाच मदत करतं, हे मुलांचं मुलांना कळेल.

हा लेख छापायला देण्याआधी मी पडदा ओढणाऱ्या आपल्या मित्राला फोन करून वाचून दाखवला. तीस वर्षं उशिरा माफीही मागितली. तो म्हणाला, "कंपासपेटी अर्धी माझी होती, तेवढं लिही." लिहिलं. मग मेळाव्याच्या रात्री पुन्हा गवळण करायचं ठरतंय, तू पेंद्या होशील का, असं विचारलं.

"पेंद्या नको. कृष्ण देत असाल तर बोला."

कृष्ण दिला आहे. पेंद्याची जागा रिकामी आहे, इच्छुकांनी तालमीच्या आत कळवावं. पडदा मी ओढणार आहे. बासरी कोणाकडे असेल तर घेऊन या.