घोंगडी, गिरणी आणि गावाचे नाव

मावळचा पाऊस ज्याने अनुभवला आहे, त्यास घोंगडीची महती सांगावयास नको. लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. आषाढात भाताच्या खाचरांत लावणी चाले, तेव्हा स्त्रियांच्या पाठीवर इरले आणि पुरुषांच्या डोक्यावर घोंगडीची खोळ, हे तेथील नित्याचे दृश्य होते. शाळेतील इतिहासाच्या पुस्तकात मावळ्याचे चित्र असे, त्याच्याही खांद्यावर घोंगडी हटकून असावयाची. ती कोणी विणली, हा प्रश्न मात्र मला माझ्या उभ्या नोकरीत एकाही विद्यार्थ्याने विचारला नाही.

ती आपल्या सनगर ज्ञातीने आणि खुटेकर धनगर बांधवांनी विणली. येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. घोंगडी मावळात पांघरली जाई. परंतु तिची लोकर मावळची नव्हे. दख्खनी मेंढीस दलदल व सततची ओल मानवत नाही. तिचा मुलूख म्हणजे पूर्वेकडील कोरडा माळ : बारामती, इंदापूर, फलटण, माण. पावसाच्या माऱ्यासाठी लागणारे पांघरूण पावसावाचून तळमळणाऱ्या मुलखातून यावे, ही निसर्गाची मोठी गंमत आहे.

घोंगडी विणणारे घर ही एक लहानशी गिरणीच असे. दख्खनी मेंढी वर्षाकाठी जेमतेम अर्धा-पाऊण किलो लोकर देते, आणि एका चांगल्या घोंगडीचे वजन दोन-अडीच किलो भरते. म्हणजे तूट धरता चार-पाच मेंढ्यांची वर्षाची लोकर एका नगात जाते. लोकर कातरावी, रंगाप्रमाणे निवडावी, पिंजावी. मग घरातील स्त्रियांनी ती कातावी. ताण्याला चिंचोक्याची खळ कुंच्याने घालावी, वाळवावी, आणि मग कर्त्या पुरुषाने खड्ड्याच्या मागावर बसावे. घरातील म्हातारी माणसे आणि पोरेसोरेही वरकामातून सुटत नसत. नवी घोंगडी या खळीमुळे ताठ व टोचरी असते. वापराने मऊ पडते. ती भिजली की लोकर आटून वीण अधिक घट्ट होते, आणि ओली असतानाही अंगास ऊब देते. हे गुण कारखान्याच्या कापडात सहजासहजी उतरत नाहीत.

याच काळात लोकरीच्या मोठ्या गिरण्या देशात निघाल्या. कानपूरची १८७६ साली, पंजाबात धारीवालची १८८० साली, आणि आपल्या ठाण्याची रेमंड १९२५ साली. कानपूरच्या मालावर 'लाल इमली' हे नाव छापलेले असे. गिरणीच्या आवारातील चिंचेच्या झाडावरून ते पडले, असे सांगतात. चिंच आमच्याही धंद्यात होतीच. परंतु त्यांची चिंच छापात गेली, आमची खळीत! ठाण्याच्या गिरणीचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. तेथील उत्पादन २००९ साली थांबले, तरी नाव दुकानादुकानांतून विकले जातेच आहे. आमचे याच्या नेमके उलट झाले. माग कित्येक पिढ्या चालले. नाव मात्र कधी पडलेच नाही. गिऱ्हाईक 'काळी द्या', 'पांढरी द्या', फार तर 'आठ हाती द्या' एवढेच म्हणे. विणकराचे गाव व्यापाऱ्याच्या गाठोड्यातच राहून जाई.

गावाचे नाव मालाला कसे चिकटते, हे लोणावळ्यातच पाहावे. लोणावळा काही भुईमुगाचा वा उसाचा प्रांत नव्हे. तरीही चिक्की म्हटली की लोणावळाच आठवतो. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. घाट चढून आलेल्या गाडीची जादा इंजिने सोडविण्यासाठी ती लोणावळ्यास थांबू लागली. गाडी थांबली की प्रवासी खाली उतरतो, आणि उतरला की काही विकत घेतो. नावलौकिकाचे सारे रहस्य त्या थांब्यात आहे. पुढे एकाच नावाच्या अनेक पाट्या बाजारात लागल्या आणि खरी कोणाची हे ओळखणे गिऱ्हाइकास अवघड झाले, हा त्यातला दुसरा धडा.

मावळास उद्योगाचे वावडे होते असेही नव्हे. तळेगावास पैसा फंडाचा काचकारखाना १९०८ साली निघाला. लोणावळ्याच्या तलावांचे पाणी खोपोलीस उतरवून टाटांनी १९१५ साली वीज काढली, आणि तिच्यावर मुंबईच्या कापडगिरण्या फिरल्या. भाताचे नवे वाण वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झाले, तेव्हा त्यास 'इंद्रायणी' हे नदीचे नाव मिळाले. आज शहरातील गृहिणी ते नाव घेऊनच तांदूळ मागते.

मग आपल्या घोंगडीस 'मावळी' म्हणावे काय? काही तरुण मंडळींचा तसा आग्रह आहे. मला तो पटत नाही. मावळ्याने ती पांघरली हे खरे. पण मेंढी आणि माग दोन्ही माणदेशाकडचे असताना पांघरणाऱ्याच्या गावाचे नाव देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. नाव उगमाचेच असावे. सोलापूरच्या चादरीने तेच केले, आणि भौगोलिक ओळखीच्या कायद्याखाली आपले नाव नोंदवून घेतले. अर्थात नोंदणीने नकला थांबतात असे नाही. परंतु दाद मागावयास आधार मिळतो.

घाई मात्र हवी. पानिपतच्या यंत्रावर जुन्या कपड्यांच्या धाग्यापासून विणलेली कांबळी घोंगडीच्या कितीतरी कमी किमतीत मिळतात. मेंढपाळही आता मटणासाठी मेंढी पाळतो. लोकर त्यास ओझे वाटते. घरातील मुलगा मागावर बसत नाही, आणि त्यास दोष तरी कोणत्या तोंडाने द्यावा?

उपरोक्त कायदा १९९९ चा असून तो २००३ पासून अंमलात आला. अर्ज एकट्या विणकरास करता येत नाही. तो उत्पादकांच्या संघटनेने करावयाचा असतो, आणि आपली संस्था त्या कामी पुढाकार घेऊ शकते. अर्जासोबत प्रदेशाची सीमा आणि विणण्याची रीत लिहून द्यावी लागते. म्हणून प्रथम गावोगावचे चालू माग मोजावे लागतील, आणि ज्या वृद्ध स्त्रियांच्या हातात अद्याप कताई आहे त्यांच्याकडून ती तपशीलवार टिपून घ्यावी लागेल. नोंदणी दहा वर्षांची असते व पुढे वाढविता येते. ते नाव मालावर लावण्यासाठी मात्र प्रत्येक घरास अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंद करावी लागते.