निऱ्या कुणी घातल्या, माळ कुणी ओवली

आमच्या गटाच्या गेल्या तीन बैठकांत बचत आणि कर्जफेडीचं काम उरकलं की एकच विषय निघतो. चार दिवस एका ठिकाणी राहून होळीच्या साजाचं काम शिकायचं का? घुंगरांचे पट्टे, मण्यांच्या माळा, कमरेला बांधायचे वाळके दुधी, मोरपिसांचे टोप. आमच्या भागात हे काम नीट जाणणारी माणसं आता मोजकीच उरली आहेत, आणि तीही साठीच्या पुढची.

बैठकीत एका ताईने रोखठोक विचारलं, "होळीला तर सगळे सजतातच. मग शिकायचं काय त्यात?" दुसरी म्हणाली, "त्यापेक्षा सरळ शिलाईचा वर्ग करू, चार पैसे तरी मिळतील." दोघींचंही म्हणणं वावगं नव्हतं. त्यावर बोलता बोलता आम्ही एका लांबच्या डोंगरी मुलखाचा इतिहास वाचून काढला. तोच आज सांगतो.

इंग्लंडच्या उत्तरेला स्कॉटलंड आहे. त्याचा वरचा भाग आपल्या सातपुड्यासारखा डोंगराचा, पण थंडीचा आणि पावसाचा. तिथले पुरुष लोकरीचं चौकड्यांचं लांबच लांब कापड कमरेला निऱ्या घालून नेसत आणि वरून पट्टा आवळत. उरलेला भाग खांद्यावर घेत, रात्री तेच पांघरूण होई. शिलाई कुठेच नाही. म्हणजे आपल्या लुगड्याचीच तऱ्हा. पुढे 1700 नंतर कमरेखालचा भाग वेगळा झाला आणि निऱ्या शिवून पक्क्या केल्या जाऊ लागल्या. त्या वेशाला किल्ट म्हणतात. आजच्या चांगल्या किल्टला साधारण आठ वार कापड लागतं, आपल्या नऊवारीपेक्षा एकच वार कमी. प्रत्येक निरी अशी घालायची की घडी पडल्यावरही चौकडा जुळला पाहिजे. हाताने शिवायला कित्येक दिवस जातात. किल्टला खिसा नसतो, म्हणून पुढे कमरेला बटवा अडकवतात.

वेश पुरुषांचा, पण त्यामागे हात बायांचे होते. लोकर पिंजणं, सूत कातणं, दगडफूल आणि झाडपाल्याच्या रंगात ते रंगवणं ही कामं बाया घरी करत. गावचा विणकर कापड विणून देई. मग ते ओलं कापड फळीवर ठेवून आठ-दहा बाया भोवती बसत आणि ते आपटून-चोळून घट्ट करत. सगळ्यांचा हात एका ठेक्यात पडावा म्हणून गाणी म्हणत. आपल्याकडे जात्यावर ओव्या म्हणतात ना, तसंच.

1746 मध्ये तिथल्या डोंगरी लोकांचं बंड मोडलं गेलं. त्याच वर्षी सरकारने कायदा केला की पुरुषाने किंवा मुलग्याने हा वेश घालायचा नाही. पहिल्यांदा सापडला तर सहा महिने तुरुंग, दुसऱ्यांदा सापडला तर सात वर्षं समुद्रापार. सूट फक्त सरकारी फौजेतल्या शिपायांना. म्हणजे घरात घातला तर गुन्हा, सरकारसाठी लढताना घातला तर शाबासकी!

ही बंदी 1782 मध्ये उठली. छत्तीस वर्षांत एक पिढी सरली होती. साध्या माणसाने तो वेश रोजच्या वापरात पुन्हा फारसा धरला नाही. त्याला परत आणलं ते फौजेने आणि श्रीमंतांनी. 1822 मध्ये इंग्लंडचा राजा चौथा जॉर्ज एडिंबरा शहरात आला, तेव्हा तो स्वतः किल्ट घालून मिरवला. मग या कापडाला मोठी मागणी आली. ती पुरवली बॅनकबर्न गावच्या विल्सन नावाच्या कापड कारखानदारांनी. त्यांच्या 1819 च्या नमुन्यांच्या वहीत दोनशेहून जास्त चौकडे होते. काही नमुन्यांना आधी नुसते नंबर होते, पुढे त्यांना घराण्यांची नावं लागली. आज जगभर लोक 'हा आमच्या घराण्याचा चौकडा' म्हणून जे कापड अभिमानाने घालतात, त्यातले कितीतरी असे कारखान्याच्या वहीतून आलेले आहेत. ज्या बायांनी सूत कातलं, रंग काढले, त्यांना त्या वहीत काही विचारायला कोण येणार?

त्याच देशाच्या पश्चिमेकडच्या बेटांवर मात्र दुसरी गोष्ट घडली. तिथे बायांचं एकत्र बसून कापड घट्ट करणं आणि त्यावरची गाणी विसाव्या शतकापर्यंत चालू राहिली. तिथल्या लोकरी कापडाला हॅरिस ट्वीड म्हणतात. 1993 च्या कायद्याने असं ठरलं की लोकर त्या बेटांवरच रंगवलेली आणि कातलेली हवी, आणि कापड तिथल्या माणसाने आपल्या घरी हाताने विणलेलं हवं, तरच त्याला ते नाव लावता येईल. आपल्याकडे पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, ते याच जातीचं संरक्षण. पण असा कायदा कामाला येतो तो काम जाणणारी माणसं शिल्लक असली तरच.

आता कुणी म्हणेल, स्कॉटलंडचं आपल्याला काय? तर ऐका. 1818 मध्ये पेशवाई संपली आणि आपला खानदेश कंपनी सरकारकडे गेला. डोंगरातल्या भिल्लांनी ते राज्य मुकाट्याने मानलं नाही. तेव्हा मुंबईचा गव्हर्नर होता माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, तो स्कॉटलंडचा. 1825 मध्ये भिल्ल तरुणांची पलटण उभी करायला जेम्स आउटरमला नेमलं. त्याची आई स्कॉटलंडची, त्याचं शिक्षणही तिथलंच. पलटणीचं ठाणं धरणगावला होतं. डोंगरच्या लढवय्यांना फौजेत घ्यायचं आणि त्यांचा मुलूख ताब्यात ठेवायचा, ही रीत आधी त्यांच्या डोंगरात वापरली गेली आणि मग आपल्या.

आपला होळीचा साज आज कुठल्या कायद्याने अडलेला नाही. काठीच्या राजवाडी होळीला पहाटेपर्यंत ढोल वाजतो. नवस केलेले बुध्या आणि बावा पाळणी पाळून, टोप घालून, अंगावर पांढरे ठिपके काढून, कमरेचे दुधी आणि घुंगरं वाजवत नाचतात. घालणारे पुष्कळ आहेत. पण दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला गुजरातकडे जातं आणि होळीच्या तोंडावर परततं. मग दुधी वाळवायला, माळ ओवायला वेळ कुठला? भोंगऱ्या बाजारातून तयार प्लास्टिकची माळ घेतली की झालं. तिकडे बंदीने जे छत्तीस वर्षांत झालं, ते इकडे नुसत्या धावपळीने होऊ शकतं. त्या ताईच्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला इथे सापडलं. सजणं आणि साज करता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून आम्ही शिबिर ठरवलं आहे. कसं ते सांगतो, तुमच्या गटालाही उपयोग होईल.

वेळ पोळ्यानंतरची. निंदणी उरकलेली असते, मका-ज्वारीची कापणी सुरू व्हायची असते आणि कुणी ऊसतोडीला गेलेलं नसतं. जागा धडगावकडच्या एका पाड्यावर, कारण शिकवणारे आजी-बाबा तिथे आहेत. त्यांना खाली बोलावण्यापेक्षा आपण वर गेलेलं बरं, त्यांचं सामान आणि त्यांची हत्यारं तिथेच असतात. लहान मुलं सोबत येतील, आणि त्यांना सांभाळायचं काम पाळीपाळीने होईल. धान्य प्रत्येकीने घरून आणायचं. शिकवणाऱ्यांना फुकट राबवायचं नाही, दिवसाची मजुरी गटाच्या निधीतून द्यायची. ज्या सासूबाई नको म्हणतात, त्यांनाही सोबत चला म्हणायचं. माळ ओवायची जुनी रीत बऱ्याचदा त्यांनाच ठाऊक असते!

शिलाईचा वर्गही सोडलेला नाही. अग्रणी बँकेच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत राहणं, जेवण आणि शिकणं मोफत असतं. आधी पाड्यावरचं शिबिर, मग शिलाई. म्हणजे बटवा शिवताना त्यावरची नक्षी आपल्या घरची असेल.

विकायचं काय, यावर मात्र बैठकीत बराच वेळ वाद झाला. शेवटी असं ठरलं की माळा, पट्टे, बटवे विकायचे. बुध्याचा टोप विकायचा नाही, तो नवसाचा आहे. तो फक्त करायला शिकायचा. मोराला 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून टोपासाठी गळून पडलेलीच पिसं घ्यायची.

आणि एक वही ठेवायची. विल्सनच्या वहीत नंबर होते, आपल्या वहीत नावं असतील. ही माळ अमक्या आजीने शिकवली, तिला तिच्या आईने, मणी असे मोजायचे, गाठ अशी मारायची. लिहिता न येणारीने सांगायचं, येणारीने लिहायचं.

तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. घरातल्या पेटीत जुना पट्टा, जुनी माळ असेल तर ती काढा. ती कुणी केली, हे घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईला विचारा आणि पुढच्या बैठकीला घेऊन या. त्या नावांपासून आपली वही सुरू करू.