‘मागेल त्याला काम’

* मागेल त्याला काम : महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचे हे बोधवाक्य. लेखकाने येथे योजनेचा जन्म १९७२ च्या दुष्काळाशी जोडला आहे. ते अर्धेच खरे. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी ही कल्पना दुष्काळापूर्वीच मांडली होती आणि सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात ती करूनही पाहिली होती. दुष्काळाने तिला निकड दिली. १९७३ च्या उन्हाळ्यात खडी फोडणे, पाझर तलाव, बंडिंग अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती, आणि त्यांत बायकांची संख्या मोठी होती. धोरण कसे घडते हे ज्याला अभ्यासायचे आहे, त्याने मात्र पुढची काही वर्षे बारकाईने पाहावीत. पैसा कुठून आणायचा हा खरा पेच होता. १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. शहरातल्या पगारदाराच्या खिशातून खेड्यातल्या मजुराची मजुरी निघू लागली आणि शासनाने तितकीच भर घालायची असे ठरले. कायदा १९७७ मध्ये संमत झाला, अमलात आला २६ जानेवारी १९७९ रोजी. पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता, ही त्यातली तरतूद मला सर्वांत मोलाची वाटते. तिने मजुराला याचकाऐवजी हक्कदार केले. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यातही ती होती. – संपादक