स्पोर्ट्स मोटारीतील गचके व उसळी (कुर्ला, मुंबई)

वेगासाठी बांधलेल्या, जमिनीलगत बसणाऱ्या मोटारीत रस्त्याचा प्रत्येक सांधा पाठीच्या कण्यापर्यंत जाणवणे म्हणजे गचके. धक्का मागे पडल्यावरही गाडी वरखाली होत राहणे म्हणजे उसळी. मालक दोन्ही तक्रारी एकाच दमात सांगतात, पण त्यांची मुळे एकमेकांच्या उलट आहेत. गचके बसतात तेव्हा टायर, स्प्रिंग किंवा शॉकअप रस्त्याच्या मानाने फार कडक असतो. गाडी उसळते तेव्हा शॉकअप बहुधा निकामी झालेला असतो. निदान चुकले तर उपायाने त्रास वाढतो, म्हणून खर्च करण्याआधी गाडी गचके देते की उसळते, हे ठरवणे हे या विषयातले सर्वांत मोठे काम आहे.

मुंबईत हा विषय कुर्ल्यापाशी येऊन थांबतो. लालबहादूर शास्त्री मार्गालगत वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. १९५४ पासून तिथे फियाट ११०० तयार होऊ लागली. १९७२ मध्ये तिच्या वंशातली गाडी प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ मध्ये प्रीमियर पद्मिनी. कारखान्याच्या आवारात आज कोहिनूर सिटी उभी आहे. पद्मिनी ही १,०८९ घन सेंमी इंजिनाची कुटुंबाची मोटार. तरी मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर फेरफार केलेल्या फियाटी शर्यतीत पळत. तिची बांधणी पाहिली की आजच्या स्पोर्ट्स मोटारीत काय हरवले ते कळते. पुढे विशबोन आणि गुंडाळीच्या स्प्रिंगा, मागे अखंड अ‍ॅक्सल आणि पाटे. टायर ५.२०-१४ मापाचा, म्हणजे त्याची बाजूची भिंत सुमारे १२५ मिमी उंच. आजच्या स्पोर्ट्स मोटारीला सर्रास बसणाऱ्या २५५/३५ आर १९ टायरची भिंत ८९ मिमी असते. खड्ड्याच्या कडेचा पहिला घाव ही रबराची भिंत झेलते आणि उरलेला स्प्रिंगेकडे जातो. काळीपिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यांवर ऑक्टोबर २०२३ पर्यंत टॅक्सी म्हणून टिकली.

स्प्रिंगेचा कडकपणा अंगाला कसा कळतो, हे एका हिशेबाने स्पष्ट होते. एका चाकावर गाडीचे ३०० किलो वजन असेल आणि तिथली स्प्रिंग एक मिलिमीटर दबायला २० न्यूटन जोर घेत असेल, तर गाडीचा तो कोपरा सेकंदाला सुमारे १.३ वेळा वरखाली होऊ पाहतो. साध्या, सुखाच्या मोटारीची चाल याच्या आसपास असते. स्प्रिंग दुप्पट कडक केली तर हा आकडा १.८ च्या वर जातो. ही स्पोर्ट्स मोटारीची चाल. बसलेल्या माणसाला उभ्या दिशेचे हादरे सर्वांत जास्त बोचतात ते सेकंदाला ४ ते ८ वेळा या पट्ट्यात. कडक गाडी रस्त्यावरचे बारीकसारीक उंचवटे न गाळता याच पट्ट्यात वर पाठवते, त्यामुळे वेग कमी असूनही प्रवासी थकतो.

त्यात कुर्ल्याचे रस्ते एकजिनसी नाहीत. काँक्रीटच्या लाद्यांचे सांधे, चौकातले खचलेले पेव्हर ब्लॉक, नव्या थरामुळे खड्ड्यात गेलेली गटारांची झाकणे आणि २०१४ मध्ये खुल्या झालेल्या सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्याच्या पुलांवरचे सांधे, असे चार प्रकार काही किलोमीटरांत भेटतात. मिठी नदीकाठच्या सखल भागात पावसाळ्यात पाणी साचते. साचलेले पाणी डांबर आणि खडी यांची पकड सोडवते, आणि वर चाके फिरत राहिली की खड्डा पडतो. अशा रस्त्यावर गाडीत स्पोर्ट आणि कम्फर्ट अशा दोन तऱ्हा असतील तर कम्फर्टच ठेवावी. स्पोर्टची तऱ्हा गुळगुळीत ट्रॅकसाठी आहे. कुर्ल्यात ती लावून चाकाची पकड वाढत नाही, उलट चाक उंचवट्यावरून उडते.

गतिरोधकांविषयी एक गैरसमज दूर करायला हवा. भारतीय रोड काँग्रेसच्या मानकानुसार गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंमी उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. तो ताशी २५ किमी वेगाने ओलांडता यावा अशी कल्पना आहे. अडीच मीटर अंतरावर चाके असलेल्या गाडीच्या पोटाखाली अशा गतिरोधकाचा माथा फक्त ४६ मिमी वर येतो. म्हणजे ११० मिमी उंचीवर पोट असलेली स्पोर्ट्स मोटारही त्यावरून न घासता जाते. कडेचा चढ सहा अंशांच्या आसपास असल्याने लांब नाकाच्या गाडीला तेवढी काळजी घ्यावी लागते. पोट फाडतात ते गल्लीच्या तोंडाशी डांबर ओतून केलेले अरुंद, उभट उंचवटे. दोष गाडीच्या उंचीइतकाच त्यांचा आहे, आणि पालिकेच्या कुर्ला (एल) विभागाकडे त्यांची तक्रार करणे हा नागरिकाचा हक्क आहे. ते ओलांडताना ब्रेक आधी दाबून चाक चढण्यापूर्वी सोडावा, कारण ब्रेक दाबलेला असताना पुढच्या स्प्रिंगा आधीच दबलेल्या असतात आणि नाक खाली झुकलेले असते. खड्ड्यालाही हाच नियम लागू. जागा असेल तर उंचवट्यावर तिरके चढावे. नाक उचलण्याची सोय असेल तर ती गतिरोधकाला टेकण्याआधीच वापरावी.

उपायांची सुरुवात हवेपासून करावी. पेट्रोल पंपावर सगळ्या गाड्यांत एकाच दाबाने हवा भरली जाते आणि अनेक स्पोर्ट्स मोटारी केवळ जास्तीच्या हवेमुळे दणके देतात. चालकाच्या दाराच्या खांबावर लिहिलेला आकडा टायर थंड असताना, स्वतःच्या मापकाने तपासावा. काही गाड्यांत शहरासाठी आणि अतिवेगासाठी वेगळे आकडे दिलेले असतात. शहरात पहिला घ्यावा. त्याहून खाली उतरू नये: खड्ड्यात रिम वाकते, आणि पावसात टायर पाण्यावर तरंगू लागतो. पंक्चर झाल्यावरही काही अंतर धावणाऱ्या रन-फ्लॅट टायरची भिंत मुळातच कडक असते. ते बदलून साधे टायर घेतल्यास गचके ठळकपणे कमी होतात, मात्र स्टेपनी किंवा पंक्चरचे सामान सोबत बाळगावे लागते. त्याहून परिणामकारक म्हणजे रिम एक इंचाने लहान करणे. २५५/३५ आर १९ ऐवजी २५५/४० आर १८ घेतला तर चाकाचा बाहेरचा व्यास जवळजवळ तोच राहतो, भिंत मात्र ८९ वरून १०२ मिमी होते. ब्रेकचे कॅलिपर आत बसते का, एवढे आधी पाहावे. कडक स्प्रिंगा काढण्यापेक्षा हा बदल कुर्ल्यात कितीतरी जास्त सुख देतो.

उसळीचे निदान कोपरा दाबून करतात: गाडी वर येऊन शांत झाली तर शॉकअप ठीक, झुलत राहिली तर गेला. स्पोर्ट्स मोटारीची स्प्रिंग हाताने फारशी दबत नाही, म्हणून या चाचणीवर विसंबू नये; शॉकअपच्या अंगावरचे तेल आणि टायरवरची लाटेसारखी झीज पाहावी. शॉकअप नेहमी जोडीने बदलावेत. गाडी खाली बसवण्यासाठी आखूड स्प्रिंगा आणि जुनेच शॉकअप ठेवलेल्या गाड्यांत तिसरा त्रास होतो: चाकाला वर जायला जागा उरत नाही आणि प्रत्येक खड्ड्यात बंप स्टॉपवर, म्हणजे चाकाला वर रोखणाऱ्या ठोकळ्यावर, दणका बसतो. त्यावर आणखी कडक स्प्रिंग हा उपाय नाही. मूळ उंचीवर परतणे हाच आहे. वळवून जुळवता येणारे शॉकअप असतील तर परतीची गती फार मंद ठेवू नये. नाहीतर सलग सांध्यांवर स्प्रिंग पुरती उघडत नाही आणि गाडी सांध्यागणिक खाली बसत जाते. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी नोंदणीपत्र न जुळेल असा बदल चालत नाही. कुर्ल्याच्या एमएच ०३ गाड्यांच्या नोंदणीचे काम वडाळ्याच्या परिवहन कार्यालयाकडे येते.

कुर्ला-कलिना सीएसटी रोडवरचा जुन्या सुट्या भागांचा बाजार मुंबईभरच्या गॅरेजवाल्यांना ठाऊक आहे. तिथे लोअर आर्म, नकल, रिम पारखून घेता येतात. वाकलेला किंवा उघड तडा गेलेला भाग जाणत्या मिस्त्रीच्या नजरेतून सहसा सुटत नाही. वापरलेला शॉकअप मात्र तिथून घेऊ नये. आतले सील आणि वायूचा दाब बाहेरून दिसत नाहीत, आणि स्वस्तात घेतलेला एक मेलेला शॉकअप नव्या जोडीदाराचे काम फुकट घालवतो.

शेवटी चाकाच्या आर्मच्या सांध्यांतले रबरी बूश. हे फाटले की ठकठक येते आणि मालक शॉकअपला दोष देतो. बूश बदलताना गाडी जॅकवर, चाके लोंबकळत असतानाच बोल्ट आवळले, तर गाडी जमिनीवर उतरताच रबर पिळलेल्या अवस्थेत अडकते. चाल कडक होते आणि नवे बूश लवकर फाटते. म्हणून बोल्ट आधी सैल लावून, चाकांवर गाडीचे पूर्ण वजन आल्यावर आवळावेत, आणि त्यानंतरच अलाइनमेंट करावी.