ग्रँट रोडची तारामती

साल 1912. ग्रँट रोडवरच्या हॉटेलात तुम्ही चहा मागवता. तो आणणाऱ्या पोराकडे तुमचं लक्षही जात नाही. पण पलीकडच्या बाकावरचे गृहस्थ त्याची सडपातळ अंगकाठी आणि नाजूक बोटं टक लावून न्याहाळतायत. हे धुंडिराज गोविंद फाळके. ‘राजा हरिश्चंद्र’ सिनेमातल्या राणी तारामतीच्या शोधात ते मेटाकुटीला आलेत. कोठ्यावरच्या बायकांनीसुद्धा सिनेमात काम करायला नकार दिलाय. इथे पोराला महिना दहा रुपये मिळतात, फाळके पंधरा देऊ करतात. अण्णा साळुंके तयार होतो.

त्याच्या मागोमाग दादरला चला. वाटेत कुणी हटकलं, तर ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे’ म्हणा. सगळे तेच सांगतात. सिनेमात आहे म्हटलं तर घरी तोंड दाखवायची सोय नाही. मथुरा भवनात सरस्वतीबाई साऱ्या मंडळींचा स्वयंपाक रांधतात आणि पुन्हा अंधारात बसून फिल्मच्या कडेला भोकंही पाडतात. (पहिल्या चित्रपटाचा इतिहास सांगताना आपण त्यांना फार पटकन उरकतो.) बाहेर नटांनी मिशांवरून वाद घातलाय: बाप जिवंत असताना मिशी कशी उतरवायची? पाण्यातल्या प्रसंगासाठी तारामती आणि तिच्या सख्या, झाडून सगळे पुरुष, ओलेत्या लुगड्यांत उभे आहेत. ऊन आहे तोवर उरकायचं, कारण दुसरा दिवा नाही.

3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागतो. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई पडद्यावर येतात. म्हणजे साळुंक्यांचं लुगडं सुटायला हवं होतं. पण 1917 मध्ये तुम्ही ‘लंकादहन’ला जाऊन बसता, तर अशोकवनात सीता म्हणून तेच! आणि राम? तोही तेच. कथा विरहाची, एकाच नटाला दोन्ही भूमिका द्यायला याहून सोयीचं आख्यान सापडणं कठीण.

सीतेच्या पदराआडून पिळदार दंड डोकावतात. तुम्हाला हसू येतं, पण ते आवरा. राम पडद्यावर येताच शेजारच्याने पायातल्या वहाणा काढून ठेवल्यात. शब्द नाहीत, गाणं नाही. नाटकातला स्त्रीपार्टी गळ्यावर जिंकायचा, इथे मान, नजर आणि ती बोटं एवढंच भांडवल. दंडांसकट सीता पटते, यात साळुंक्यांचं कसब किती आणि पाहणाऱ्यांची श्रद्धा किती, हे मला वेगळं करता येत नाही.

पुढे नाशिक. फाळक्यांच्या हिंदुस्थान फिल्म कंपनीच्या आवारात तुम्ही रामाला शोधत नटांच्या घोळक्यात शिरता. तो तिथे नाही. आता तो कॅमेऱ्यामागे आहे, हाताने दांडा फिरवतोय, आणि तुमच्यामुळे ऊन अडतंय म्हणून तुम्हाला बाजूला व्हायला खुणावतोय.